वाईचे शास्त्री, मुंबईचे रेगे, नागपूरचे दि. य.

१९३३ साली पुण्यात गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचं लग्न झालं. वधू ब्राह्मण, वर वैश्य. सनातन्यांच्या लेखी हा प्रतिलोम, म्हणजे निषिद्धच विवाह. तो लावला वाईच्या प्राज्ञपाठशाळेत न्याय आणि वेदान्त शिकलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी. अस्पृश्यतेच्या वादातही शास्त्रीबुवा गांधीजींच्या बाजूने उभे राहिले आणि सनातनी पंडितांना त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे उत्तरं देत राहिले. तत्त्वज्ञाने समाजासाठी काय करायचं, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. पुढे १९६० नंतर त्याच वाईत त्यांनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं.

मे. पुं. रेग्यांची वाट वेगळी. मुंबईत कीर्ती महाविद्यालयात ते तत्त्वज्ञान शिकवत, ‘नवभारत’ मासिक संपादित करत. १९८३ साली पुण्यात त्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. विधान म्हणजे काय, याविषयीचे ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलचे प्रश्न त्यांनी परंपरेने शिकलेल्या नैयायिकांपुढे, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांपुढे, ठेवले. एरवी अशा पंडितांकडे जुन्या ग्रंथांचे जाणकार म्हणून पाहिलं जातं. इथे ते रसेलशी बरोबरीने वाद घालणारे विचारवंत होते, संस्कृतात वाद घालणारे. परंपरेला आतून प्रश्न विचारता येतात, ही रेग्यांची श्रद्धा मला आजही मोलाची वाटते.

दि. य. देशपांड्यांना ही श्रद्धेची भाषा मानवली नसती. ते नितळ विवेकवादी. आगरकरांच्या ‘सुधारका’नंतर शतकभराने, १९९० मध्ये, त्यांनी नागपुरातून ‘आजचा सुधारक’ हे मासिक सुरू केलं. धर्म, नीती, स्त्री-पुरुष संबंध, सगळ्याची उलटतपासणी त्यात होई आणि विरोधकांनाही जागा मिळे.

तिघांची मतं जुळणारी नव्हती. पण तिघांनीही अवघड विचार मराठीत मांडला, तोही विद्यापीठाबाहेरच्या वाचकाला शहाणा समजून. हे मला त्यांच्या मतांपेक्षाही मोठं वाटतं.

१९९४ मध्ये शास्त्रीबुवा गेले, २००० मध्ये रेगे, २००५ मध्ये दि. य. आज आंतरजातीय लग्नावरून खून पडतात, यंत्रं माणसांबद्दल निर्णय घेऊ लागली आहेत, आणि तत्त्वज्ञानाचे बहुतेक प्राध्यापक पदोन्नतीच्या गुणांसाठी इंग्रजी शोधनिबंध लिहीत आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: यांपैकी एखादा प्रश्न घ्या आणि मराठी मासिकात, सही करून, आपली बाजू मांडा. वाचायला आम्ही आहोत.