वर्तन विरळ करण्याचे शास्त्र

वर्गात क्षणाक्षणाला हात वर करणारे मूल किंवा घास नीट न चावताच पुढचा घास घेणारी व्यक्ती जे करते, ते मुळात योग्यच असते; अडचण असते ती त्याच्या वारंवारतेची. अशा वर्तनाला शिक्षा केल्यास अतिरेकाबरोबर वर्तनही दडपले जाते, आणि मुलाने प्रश्न विचारणेच सोडले तर ती हानी भरून काढणे फार कठीण असते. यावरचा वर्तनशास्त्रातील उपाय म्हणजे ‘अल्प वारंवारतेचे विभेदक प्रबलन’. ज्या परिणामामुळे वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढते त्याला प्रबलन म्हणतात, आणि ते सरसकट न देता विशिष्ट अट पाळली गेल्यावरच दिले, की ते विभेदक ठरते.

चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांच्या १९५७ च्या ग्रंथात या पद्धतीचा प्रयोगशाळेतील पाया सापडतो. चकतीवर चोच मारणाऱ्या कबुतराला आधीच्या टोचणीनंतर ठरलेला अवधी उलटल्यावर मारलेल्या चोचीबद्दलच दाणे मिळत, आणि घाई केल्यास अवधीची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होई.

१९७३ मध्ये सॅम्युअल डाइट्झ आणि ॲलन रेप यांनी हे तत्त्व अमेरिकेतील वर्गांत वापरले. माध्यमिक शाळेतील १५ मुलींच्या एका वर्गात विषय सोडून बोलण्याचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेत राहिले, तर त्यांना शुक्रवारचा तास मोकळा मिळत असे; ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरवत अखेर शून्यावर आणली गेली. पहिली मर्यादा नेहमी वर्तनाच्या मूळ सरासरीजवळ ठेवावी लागते, कारण ती आवाक्याबाहेर असेल तर बक्षीस कधीच मिळत नाही आणि उपक्रम पहिल्याच आठवड्यात कोसळतो.

मात्र येथे एक महत्त्वाचा भेद दुर्लक्षित राहतो. संपूर्ण तासाची मोजदाद करणाऱ्या पद्धतीत एकदाही हात वर न करणाऱ्या मुलालाही बक्षीस मिळते, म्हणजेच ते वर्तन नाहीसे होण्याची वाट मोकळी राहते. कबुतराच्या प्रयोगासारख्या अंतराधारित पद्धतीत मात्र पुरेशा अवधीनंतर वर्तन प्रत्यक्ष घडल्याशिवाय प्रबलन मिळतच नाही. म्हणून प्रश्न विचारणे टिकवून फक्त विरळ करायचे असेल, तर शिक्षकांनी अंतराधारित पद्धतच निवडावी. स्वतःला किंवा इतरांना इजा करणाऱ्या वर्तनासाठी मात्र यांपैकी कोणतीही पद्धत योग्य नाही, कारण तिचा परिणाम सावकाश होतो आणि तेथे थोडे वर्तनही चालण्यासारखे नसते.