जाळीची छत्री, पत्र्याचा डबा

१ ऑगस्ट १९७५ रोजी तेव्हाच्या गुलबर्गा (आताच्या कलबुर्गी) जिल्ह्यातल्या काही खेड्यांत सरकारी टीव्ही सुरू झाले. जवळपास प्रक्षेपणाचा मनोरा नव्हता. चित्र येत होतं ते विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाकडून. नासाने हा उपग्रह वर्षभर भारताला वापरायला दिला होता आणि इस्रोने त्यावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांसाठी कार्यक्रम पाठवले. तोच ‘साइट’ नावाचा प्रयोग. कर्नाटकातून त्यात गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे होते.

उपग्रहावरच्या प्रक्षेपकाची ताकद साधारण ८० वॅट होती. इतक्या लांबून येताना ती लहर किती क्षीण झाली असेल! ती पकडायला टीव्हीजवळ उभी केली होती तारेच्या जाळीची छत्री. दहा फूट व्यासाची, आणि जाळी तीच, जी आपण कोंबड्यांच्या खुराड्याला लावतो.

पैसे कमी पडले म्हणून केलेली ही तडजोड नव्हती. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातल्या इंजिनियरांनी जाळी विचार करून निवडली होती. पत्र्याची भरीव छत्री जड होते, महाग पडते, वाऱ्यात टिकवायला भक्कम पाया लागतो. जाळीतून वारा निघून जातो. मग लहर का निघून जात नाही? कारण लहरीलाही लांबी असते. या प्रक्षेपणाची वारंवारता ८६० मेगाहर्ट्झ होती, म्हणजे एका लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर. जाळीचं भोक लहरीच्या लांबीच्या दहाव्या हिश्श्याहून लहान असलं, की लहरीच्या दृष्टीने तिथे अखंड पत्राच असतो. ती परत फिरते, आणि छत्रीची खोली नीट असेल तर एका बिंदूवर गोळा होते.

वायफायसाठी आज कुणी घरी अँटेना करायला बसलं तर त्याला हाच हिशेब पुन्हा मांडावा लागतो. बहुतेक राउटर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तिथे लहर सुमारे सव्वाबारा सेंटिमीटरची, म्हणून भोक बारा मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक हवं. हार्डवेअरच्या दुकानातली अर्धा इंची जाळी जेमतेम बसते, पाव इंची निर्धोक.

कर्नाटकातल्या बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात हा विषय हौसेपुरता नाही. भारतनेट योजनेची केबल ग्रामपंचायतीपर्यंत आणायची असते. पुढचा एक-दीड किलोमीटर बहुतेकदा ज्याचा त्याने बघायचा. शाळा गावाच्या टोकाला, घर शेतात, आणि राउटर पंचायतीच्या किंवा चुलत्याच्या घरी. केबल टाकायची तर मध्ये दहा जणांचे बांध. अशा ठिकाणी एका दिशेला रोखलेला अँटेना खरोखर उपयोगी पडतो.

तो नवी ताकद निर्माण करत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. घरच्या राउटरची ताकद साधारण शंभर मिलिवॅट, आणि ती चहूकडे पसरते: शेजारच्या गोठ्यात, रस्त्यावर, आभाळात. शेताच्या दुसऱ्या टोकाला हाक मारताना आपण तोंडाशी हात धरतो, आणि उत्तर ऐकताना तेच हात कानामागे नेतो. दिशादर्शी अँटेना ही दोन्ही कामं एकदम करतो. टीव्हीला नुसतं ऐकायचं होतं, वायफायला बोलावंही लागतं. तुमच्या मोबाइलवर सिग्नलच्या काड्या भरलेल्या दिसतात तरी पान उघडत नाही, तेव्हा बहुधा राउटरचं तुम्हाला ऐकू येतंय, तुमचं त्याला येत नाही.

मिळणारा फायदा डेसिबलमध्ये मोजतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे एका टोकाला बारा डेसिबलचा अँटेना लावला तर अंतर चौपट होऊ शकतं आणि दोन्ही टोकांना लावला तर सोळापट. हे कागदावरचं गणित. जमिनीवर ते कमी भरतं, आणि का ते पुढे सांगतो.

करायला सर्वांत सोपा प्रकार म्हणजे पत्र्याचा गोल डबा. कुठलाही डबा मात्र चालत नाही. व्यास साडेसात सेंटिमीटरच्या आत गेला तर २.४ गिगाहर्ट्झची लहर डब्यात शिरतच नाही. सव्वानऊच्या वर गेला तर ती आत नको त्या आकृतीत नाचू लागते आणि दिशा बिघडते. नऊ सेंटिमीटर व्यासाचा, पंधरा सेंटिमीटर किंवा थोडा अधिक लांब डबा उत्तम. एक तोंड उघडं, दुसरं पत्र्याने बंद. बंद तोंडापासून ५.१ सेंटिमीटरवर बाजूला भोक पाडायचं, तिथे एन प्रकारचा कनेक्टर बसवायचा आणि त्याच्या मधल्या पिनेला तांब्याची जाड तार सोल्डर करायची. डब्याच्या आत उभी राहणारी लांबी, पिनेसकट, ३.१ सेंटिमीटर. ही लांबी म्हणजे लहरीचा चौथा हिस्सा. आणि ५.१ हा आकडा नऊ सेंटिमीटरच्या डब्यापुरताच, कारण बंदिस्त नळीत लहर लांबते आणि किती लांबते ते व्यासावर ठरतं. ८.३ सेंटिमीटरच्या डब्याला तेच भोक ६.२ सेंटिमीटरवर पाडावं लागेल आणि डबाही लांब लागेल. डबा बदलला की हिशेब नव्याने करायचा. यात आळस केला की मेहनत वाया जाते.

नळीतून आणि नरसाळ्यातून लहर नेण्याची ही कल्पना आपल्या देशातही फार लवकर रुजली. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात १८९०च्या दशकात काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर असे प्रयोग केले आणि १८९७च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपली उपकरणं दाखवली. आजचा डब्याचा अँटेना त्याच घराण्यातला आहे, आणि हे शाळेतल्या मुलांना तो करताना सांगितलंच पाहिजे.

बरेच जण अँटेना छान करतात आणि केबलमध्ये सगळं घालवतात. साधी बारीक कोअ‍ॅक्सिअल केबल या वारंवारतेला दर मीटरमागे जवळपास एक डेसिबल खाते. माळवदावर डबा आणि खाली खोलीत राउटर, मध्ये दहा मीटर केबल, म्हणजे कमावलेल्यातलं बहुतेक गेलं. त्यापेक्षा यूएसबीचा वायफाय डोंगल घ्यावा आणि तो जाळीच्या छत्रीच्या केंद्रबिंदूवरच बसवावा. लहरीचं काम तिथेच संपतं आणि खाली येते ती साधी यूएसबीची वायर, पाच मीटरपर्यंत. स्वयंपाकघरातली मोठी धातूची चाळणी किंवा खोलगट झारासुद्धा अशी छत्री होऊ शकते.

आता जमीन. दोन अँटेने एकमेकांना दिसले म्हणजे झालं, असं नाही. लहर दोऱ्यासारखी सरळ जात नाही. मधोमध ती फुगते. एक किलोमीटरच्या अंतरात हा फुगवटा मध्यावर सुमारे साडेपाच मीटर त्रिज्येचा असतो आणि त्याचा निदान साठ टक्के भाग, म्हणजे सव्वातीन मीटरच्या आसपास, मोकळा हवा. कलबुर्गीकडे सपाट काळं रान आणि पुरुषभर उंचीची तूर. तिथे दोन्ही टोकं माळवदावर चढवली की बहुधा निभतं. भालकी-हुमनाबादकडचा ऊस मात्र बारा फुटांवर जातो आणि त्याच्या पानात पाणी असतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाणी चटकन शोषतं. ऊस तुटल्यावर उन्हाळ्यात बसवलेली आणि झकास चालणारी जोडणी पावसाळा सरता सरता मान टाकते, तेव्हा दोष राउटरचा नसतो. जोडणीची परीक्षा ऊस उभा असताना घ्यावी.

झाडोऱ्यातून कमी वारंवारतेची लहर अधिक चांगली जाते. म्हणूनच आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघर जिल्ह्यातल्या खामलोली आणि आसपासच्या गावांसाठी टीव्हीच्या मोकळ्या यूएचएफ पट्ट्याचा प्रयोग केला. तो पट्टा तुम्हाआम्हाला घरी वापरता येत नाही. पण साध्या वायफायनेही मोठी कामं झाली आहेत. तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कलीच्या संशोधकांबरोबर दिशादर्शी अँटेने लावून खेड्यांतली तपासणी केंद्रं जोडली आणि डॉक्टर पडद्यावरून रुग्णांशी बोलू लागले.

कायदा आपल्या बाजूने आहे, त्याच्या मर्यादेत राहिलं तर. २००५च्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. प्रक्षेपकाची ताकद जास्तीत जास्त एक वॅट, आणि अँटेनाचा फायदा धरून एका दिशेला जाणारी ताकद चार वॅट. शंभर मिलिवॅटच्या राउटरला सोळा डेसिबलचा अँटेना लावला की बरोबर चार वॅट होतात, तिथे थांबायचं. इमारतीच्या छतापासून पाच मीटरहून उंच अँटेना नेता येत नाही. बाजारात मोबाइलचा ‘बूस्टर’ म्हणून जे यंत्र विकतात ते पूर्णपणे वेगळं. ते विजेवर सिग्नल फुगवतं, अख्ख्या टॉवरचं काम बिघडवू शकतं आणि परवान्याशिवाय लावणं गुन्हा आहे. आणि राउटर दुसऱ्याचा असेल तर पासवर्ड मागून घ्यावा.

वळिवाच्या दिवसांत या भागात विजा पडतात. लोखंडी खांबाला जाड तारेने अर्थिंग द्यायला विसरू नये, आणि आभाळ भरून आलं की वायर काढून ठेवावी.

रोख साधताना एकाने माळवदावर डबा अंश-अंशाने फिरवावा आणि दुसऱ्याने मोबाइलच्या अ‍ॅपवर सिग्नलच्या ताकदीचा, म्हणजे डीबीएमचा, आकडा वाचावा. तो उणे असतो. उणे ८५ला जोडणी तुटत राहते, उणे ७०ला व्हिडिओ चालतो. डबा त्याच्या अक्षाभोवतीही फिरवून बघावा: राउटरची काडी उभी असेल तर आतली तांब्याची तारही उभीच हवी. आडवी राहिली तर कधी कधी वीस डेसिबल जातात, आणि माणूस दिवसभर दिशा शोधत बसतो.