गाडीला काळी फिल्म: कायदा काय म्हणतो आणि नाक्यावर अडवलं तर काय करायचं?

लग्नसराई आली की आमच्याकडे एकाच प्रकारच्या तक्रारी सुरू होतात. "गाडीत लेडीज होत्या, तरी पोलिसांनी थांबवलं. काचांची फिल्म रस्त्यातच काढायला लावली." आमच्या ओळखीचं एक कुटुंब मालेगावला वलीम्याला निघालं होतं, तेही असंच एका नाकाबंदीत अडकलं. गाडीत दादीअम्मा, दोन सुना आणि लहान मुलं. मागच्या काचांवर गडद फिल्म. हवालदार म्हणाले, चलान होईल. घरातला तरुण मुलगा खाली उतरला, "आमच्यात पर्दा आहे, फिल्म काढणार नाही" म्हणाला. आवाज चढला, मग धक्काबुक्की झाली. जी गोष्ट पाचशे रुपयांत मिटली असती, ती पोलीस ठाण्यात गेली. आता त्या मुलावर सरकारी कर्मचाऱ्याशी झटापट केल्याचा गुन्हा आहे आणि आखाती देशात नोकरीसाठी लागणारं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट अडकलं आहे.

म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊया.

कायदा नेमका काय आहे?

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 100 गाडीच्या काचांबद्दल आहे. काचेवर पडलेल्या उजेडापैकी किती उजेड आरपार जातो, हे त्यात टक्क्यांत ठरवलं आहे. पुढची आणि मागची काच किमान 70 टक्के, तर दरवाजांच्या बाजूच्या काचा किमान 50 टक्के उजेड आरपार जाऊ देणाऱ्या हव्यात. गॅरेजवाले याला 'व्हीएलटी' म्हणतात.

पूर्वी लोक म्हणायचे, "आमची फिल्म 50 टक्क्यांची आहे, कायद्यात बसते." हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर 27 एप्रिल 2012 रोजी सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया, न्या. ए. के. पटनाईक आणि न्या. स्वतंत्र कुमार यांच्या पीठाने निकाल दिला. न्यायालय म्हणालं, नियमातली टक्केवारी काचेची आहे, वरून चिकटवलेल्या फिल्मची नाही. कंपनीने काच बनवतानाच ती 70 आणि 50 च्या हद्दीत रंगीत केली असेल तर चालेल. पण नंतर कितीही टक्क्यांची काळी फिल्म किंवा दुसरं काही चिकटवणं बंद. 4 मे 2012 पासून हा आदेश देशभर लागू झाला. पोलिसांनी चलान करावं आणि फिल्म काढावी, असंही त्यातच सांगितलं आहे. म्हणजे नाक्यावर फिल्म काढायला लावणं ही पोलिसांची मनमानी नाही.

सूट कुणाला? फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना. आमदार, नगरसेवक, पक्षाचा झेंडा लावलेली गाडी यांना कुठलीही सूट नाही. तरी अशा गाड्या काळ्या काचा लावून फिरतात आणि नाक्यावरून सलाम घेत जातात, हे आपण सगळेच बघतो. त्याविरुद्ध लेखी तक्रार जरूर करावी. पण "त्यांना सोडलं, मग आम्हालाही सोडा" हा बचाव कोर्टात टिकत नाही.

केरळच्या निकालाचं काय?

केंद्राने नियम 100 मध्ये दुरुस्ती केली, ती 1 एप्रिल 2021 पासून लागू झाली. त्यात 'सेफ्टी ग्लेझिंग' आलं. आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काचही त्यात धरली आहे. या दुरुस्तीच्या आधारे सप्टेंबर 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की, 70 आणि 50 टक्क्यांची अट पाळणारी प्रमाणित फिल्म लावली असेल तर दंड करता येणार नाही.

हा निकाल मोबाईलवर फिरतोय आणि लोक तो नाक्यावर दाखवतात. पण तो केरळ उच्च न्यायालयाचा आहे, महाराष्ट्रात तसाच बंधनकारक नाही. इथले पोलीस 2012 च्या आदेशावर चालतात. केरळचा निकाल वकिलामार्फत कोर्टात मांडता येईल. हवालदाराशी त्यावर वाद घालून उपयोग नाही.

शिवाय त्या निकालातही टक्केवारीची अट कायम आहे आणि तिथेच दुकानदार फसवतात. समजा तुमच्या पुढच्या काचेतून मुळात 80 टक्के उजेड जातो. त्यावर 70 टक्क्यांची फिल्म लावली, तर 80 चे 70 टक्के म्हणजे 56 टक्केच उजेड आत येतो. पुढच्या काचेला 70 हवेत, म्हणजे ती काच बेकायदा झाली. बाजूच्या 75 टक्क्यांच्या काचेवर 50 ची फिल्म लावली तर साडेसदतीसच उरतात. डब्यावर '50 टक्के' लिहिलंय म्हणून काच कायद्यात बसली, असं होत नाही.

पर्द्याचा प्रश्न

आमच्या माताभगिनींना खिडकीतून कुणी टक लावून बघू नये, ही भावना आम्हाला मान्य आहे. पण न्यायालयाने फिल्म बंद केली ती याच माताभगिनींच्या सुरक्षिततेचाही विचार करून. काळ्या काचांच्या गाडीत आत काय चाललंय हे बाहेरून दिसत नाही आणि गुन्हेगार त्याचाच फायदा घेतात. निकालानंतर काही महिन्यांनी, 16 डिसेंबर 2012 ला दिल्लीत ज्या बसमध्ये तो भयंकर अत्याचार झाला, तिच्याही काचा काळ्या होत्या आणि पडदे लावलेले होते. बस रस्त्याने फिरत राहिली, बाहेर कुणाला कळलं नाही.

पर्दा कपड्याने आणि नजरेने होतो, त्यासाठी काच काळी करायची गरज नाही. बुरख्यातली बहीण साध्या काचेच्या गाडीतही पर्द्यातच असते. उन्हाचा त्रास असेल तर गाडी उभी असताना पुढच्या काचेला सनशेड लावा, निघताना काढून ठेवा. चालत्या गाडीत खिडकीला पडदे किंवा जाळी लावली तरी पोलीस कारवाई करतात, हे लक्षात असू द्या.

नाक्यावर अडवलं तर

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन्स दाखवावंच लागतं. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधली कागदपत्रं कायद्याने चालतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 प्रमाणे दंड पहिल्यांदा 500 रुपयांपर्यंत आणि पुन्हा सापडलात तर 1500 रुपयांपर्यंत आहे. चलान घ्या, पावतीशिवाय पैसे देऊ नका. "इथेच मिटवून टाका" कुणी म्हटलं तर नम्रपणे ई-चलान करायला सांगा. फिल्म काढायला सांगितली तर स्वतःच्या हाताने काढा, म्हणजे काचेला ओरखडे पडणार नाहीत.

तुमचेही हक्क आहेत. गाडीची चावी हिसकावून घ्यायचा किंवा शिवीगाळ करायचा अधिकार कुणालाही नाही. कुणा स्त्रीची झडती घ्यायची वेळ आलीच, तर ती महिला पोलिसानेच घ्यायची असते. नावावरून किंवा दाढी-टोपीवरून अपमान झाला तर तारीख, वेळ, ठिकाण आणि छातीवरच्या पट्टीवरचं नाव लिहून घ्या आणि वरिष्ठांकडे लेखी तक्रार द्या. चलान चुकीचं वाटलं तर पैसे भरण्याआधी ऑनलाइन तक्रार करा किंवा कोर्टात दाद मागा.

पण रस्त्यावर हात उचलू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 132 खाली, कामावरच्या सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला किंवा बळजबरी केली तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पाचशेचा दंड विसरला जातो, हा गुन्हा मात्र पासपोर्ट आणि नोकरीच्या प्रत्येक पडताळणीत समोर येतो.

कार डेकोरवाल्या भावांना

आमच्या समाजातली कितीतरी मुलं सीट कव्हर आणि फिल्मच्या कामावर घर चालवतात. गिऱ्हाईक मागतं म्हणून लावून देतो, हे आम्ही समजू शकतो. पण "काही होत नाही" म्हणून काम करायचं आणि दंड गिऱ्हाइकाने भरायचा, ही हलाल कमाईची रीत नाही. गिऱ्हाइकाला कायदा आधी सांगा. एक काम गेलं तरी विश्वास राहील.

आणि घरातल्या मोठ्यांनी गाडी मुलाच्या हातात देण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. काचा एकदा बघून घ्याव्यात आणि पोलिसांनी थांबवलं तर आवाज खाली ठेवायचा, हे त्याला सांगून ठेवावं.