नाव विचारलं आणि प्रोग्राम थांबला!

मराठीत इंदूर, हिंदीत इंदौर. रेल्वेच्या लेखी ‘आयएनडीबी’, विमानतळावर ‘आयडीआर’ आणि टपालाला हवं ४५२००१. गाव एकच, पण ज्याला जे सोयीचं ते नाव. इंटरनेटवरही आपण नाव टाइप करतो आणि यंत्राला आकडे लागतात. सी भाषेतल्या प्रोग्रामवर नावाचा आकडा शोधायची वेळ आली, की उत्तर मिळेपर्यंत तो जागचा हलत नाही. सराफ्यात भुट्ट्याच्या किसाची ऑर्डर देऊन कढईकडे टक लावून बसलेला पाहुणाच जणू! मुरलेला इंदूरकर ऑर्डर देतो आणि तेवढ्यात शेजारचा दहीवडा संपवतो. प्रोग्रामला हे इंदुरी शहाणपण शिकवताना घडलेल्या या नऊ गमती.

१. आधी नुसती वही होती
सुरुवातीला साऱ्या नेटवर्कची नावं एकाच फाइलमध्ये मावत. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. त्याच वर्षी युनिक्सच्या ४.२ बीएसडी आवृत्तीत ‘गेट-होस्ट-बाय-नेम’ हे फंक्शन आलं. ते नाव शोधायचं आपल्याच यंत्रावरच्या फाइलमध्ये. त्याला कितीसा वेळ लागणार? १९८६च्या ४.३ बीएसडीमध्ये तेच फंक्शन डीएनएसला विचारू लागलं. उत्तर आता दूरच्या सर्व्हरवरून यायचं, पण थांबून राहायची सवय तशीच राहिली.

२. दहा सेकंदांचं मौन
लिनक्सवर एका विचारणेला ५ सेकंदांची मुदत असते आणि प्रयत्न दोन. नेमून दिलेला सर्व्हर एकच असेल आणि तो गप्प बसला, तर १० सेकंद गेले. एवढ्या वेळात माणूस खिडकी बंद करून दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

३. ताट एकच, पंगत मोठी
‘गेट-होस्ट-बाय-नेम’ उत्तर वाढतं ते ठरलेल्या एकाच ताटात. दुसऱ्यांदा विचारलंत की पहिलं उत्तर पुसलं गेलं समजा. दोन थ्रेडनी एकदम विचारलं तर कुणाचा घास कुणाच्या तोंडात जाईल, याचा नेम नाही. २००८च्या पॉझिक्स मानकातून हे फंक्शन वगळलं गेलं. त्याची जागा घेणारं ‘गेट-अ‍ॅडर-इन्फो’ दर वेळी नवं ताट देतं. मात्र थांबून राहण्याची खोड त्यालाही आहे.

४. गजर लावा आणि पळा
जुन्या उस्तादांची युक्ती अशी: आधी अलार्म लावायचा, मग नाव विचारायचं. गजर झाला की फंक्शन अर्धवट टाकून थेट बाहेर उडी! प्रसिद्ध ‘कर्ल’नेही हा मार्ग वापरला आहे. अडचणी दोन. हा गजर पूर्ण सेकंदातच लागतो, त्यामुळे अर्ध्या सेकंदाची मुदत देता येत नाही. शिवाय अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्राममध्ये अशी उडी महागात पडते.

५. विंडोजने आधी ओळखलं
विंडोज ३.१मध्ये एक प्रोग्राम अडला की बाकीचेही ताटकळायचे. म्हणून १९९३च्या विनसॉकमध्ये वेगळं फंक्शन दिलं गेलं. विचारून मोकळं व्हायचं, उत्तर आलं की खिडकीला निरोप मिळायचा. काउंटरवर नंबर लावून बाकावर बसण्यासारखंच!

६. एका ‘ए’ची करामत
लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीत ‘गेट-अ‍ॅडर-इन्फो’च्या शेवटी फक्त ‘ए’ जोडला, की ते न थांबणारं फंक्शन होतं. एकाच हाकेत अनेक नावं विचारता येतात. मग गुपित काय? आत थ्रेड लपलेत, आणि ते बिचारे थांबून राहतात. तुमचं थांबणं संपलं ते दुसऱ्याच्या गळ्यात पडून.

७. खरोखर न थांबणारा
एमआयटीच्या ग्रेग हडसन यांनी ‘एरीज’ लिहिलं. कर्लचे जनक डॅनियल स्टेनबर्ग यांनी त्याला पुढे नेऊन ‘सी-एरीज’ केलं. हे थ्रेडच्या भरवशावर न राहता स्वतःच डीएनएसची चिठ्ठी पाठवतं आणि सॉकेटवर कान ठेवून असतं. नोड जेएसमध्ये दोन्ही वाटा आहेत: ‘रिझॉल्व्ह’ सी-एरीजकडे जातं, ‘लुकअप’ थ्रेडकडे. हे थ्रेड आपण वाढवले नाहीत तर फक्त ४, आणि फाइलींची कामंही त्यांच्याच डोक्यावर.

८. भूत निघालं!
जानेवारी २०१५मध्ये क्वालिस कंपनीने ग्लिबसीच्या ‘गेट-होस्ट’ फंक्शनांमधली एक गंभीर चूक जाहीर केली. ‘गेट-होस्ट’वरूनच तिचं नाव पडलं ‘घोस्ट’. ती २०००पासून आत दडून होती. गंमत म्हणजे २०१३मध्येच ती दुरुस्त झाली होती, पण हा सुरक्षेचा प्रश्न आहे हे कुणी ओळखलंच नव्हतं!

९. ‘भारत’चं टोपणनाव
२०१४पासून ‘.भारत’ डोमेन देवनागरीत मिळतं, त्यात मराठीही आली. पण डीएनएसच्या व्यवहारात ‘भारत’ची रोमन अक्षरं होतात ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’! ग्लिबसीच्या ‘गेट-अ‍ॅडर-इन्फो’ला एक खूण दिली, की हे रूपांतर ते स्वतःच करतं.

आता तुमची पाळी
वाट कुठलीही धरा, कुणीतरी थांबतंच: तुमचा प्रोग्राम, लपलेला थ्रेड किंवा सॉकेटवरचा कान. कुणाला थांबवायचं, एवढंच आपल्या हातात. पटत नसेल तर सरावाच्या यंत्रावर डीएनएस सर्व्हर म्हणून १९२.०.२.१ लिहा. हा पत्ता पुस्तकी उदाहरणांसाठी राखून ठेवलाय, तिथून सहसा उत्तर येत नाही. मग आपला प्रोग्राम चालवा आणि सेकंद मोजा. तेवढ्यात पोह्यांची एक प्लेट संपत असेल, तर कोड बदलायची वेळ झाली आहे.