प्रार्थनास्थळातील सहा सेकंद : गर्दीच्या रक्षणासाठी कपड्यांआडचे पिस्तूल

प्रतिनिधी

अमेरिकेतील टेक्सास राज्यात फोर्ट वर्थलगतच्या व्हाइट सेटलमेंट येथे २९ डिसेंबर २०१९ रोजी, रविवारची प्रार्थना सुरू असताना एका बंदूकधाऱ्याने चर्चमध्ये गोळीबार केला. त्यात दोघे मृत्युमुखी पडले. मात्र स्वयंसेवी सुरक्षा पथकाचे प्रमुख जॅक विल्सन यांनी पिस्तुलातून झाडलेल्या एकाच गोळीने हल्लेखोर कोसळला. हा सारा प्रकार अवघ्या सहा सेकंदांत घडला. त्या वेळी चर्चमध्ये सुमारे अडीचशे भाविक होते. या घटनेने जुनाच प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला : गर्दीच्या रक्षणासाठी कपड्यांआड शस्त्र बाळगायचे, तर ते कोणते आणि कोणी?

कायद्याची पार्श्वभूमी

टेक्सासमधीलच सदरलँड स्प्रिंग्ज येथील चर्चमध्ये ५ नोव्हेंबर २०१७ रोजी झालेल्या हत्याकांडात २६ जणांचा बळी गेला होता. प्रार्थनास्थळांना स्वयंसेवकांचे सुरक्षा पथक नेमण्याची मुभा राज्याने त्याच वर्षी दिली होती. परवानाधारकांनी तेथे शस्त्र नेण्याबाबतची संदिग्धता २०१९ मधील कायद्याने दूर झाली. सप्टेंबर २०२१ पासून तर पात्र नागरिकांना परवान्याविनाही पिस्तूल बाळगता येते. परवाना हवा असल्यास मात्र तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून एकूण ५० गोळ्या झाडण्याची परीक्षा द्यावी लागते. जाणकारांच्या मते ही परीक्षा म्हणजे केवळ उंबरठा आहे.

शस्त्राची निवड

लहान पिस्तूल लपविण्यास सोपे असते. परंतु हलक्या वजनामुळे झटका अधिक बसतो आणि आखूड नळीमुळे नेम साधणे अवघड जाते. मोठे पिस्तूल स्थिर असते, त्यात गोळ्याही अधिक मावतात. पण ते शर्टाआडून उठून दिसते. त्यामुळे मध्यम आकाराच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाला अनेक प्रशिक्षक पसंती देतात. रिव्हॉल्व्हरची रचना साधी असली, तरी त्यात साधारणतः पाच-सहाच गोळ्या असतात आणि चाप जड असतो. चाप पूर्णपणे झाकणारे, घट्ट बसणारे होल्स्टर हेही तितकेच महत्त्वाचे. गोळी आरपार जाऊन मागच्या व्यक्तीला लागण्याचा धोका कमी व्हावा, म्हणून टोकाला पोकळी असलेल्या गोळ्या वापरल्या जातात.

खरी कसोटी गर्दीत

कागदी लक्ष्य जागचे हलत नाही. गर्दी मात्र सैरावैरा धावते. व्हाइट सेटलमेंटमध्ये पथकातीलच एका स्वयंसेवकाने पिस्तूल काढण्याचा प्रयत्न केला. पण त्याआधीच तो हल्लेखोराच्या गोळीला बळी पडला. विल्सन यांनाही समोरची माणसे बाजूला होईपर्यंत थांबावे लागले. ते स्वतः नेमबाजीचे प्रशिक्षक होते, ही बाब येथे विसरून चालणार नाही. म्हणूनच रिकाम्या पिस्तुलाने घरी सराव, कपड्यांआडून शस्त्र बाहेर काढण्याची सवय आणि 'गोळी झाडू नये' असा निर्णय घ्यावा लागणारे प्रसंग यांवर प्रशिक्षणात भर दिला जातो. हल्लेखोर कोसळल्यानंतर आणखी काही भाविकांनी आपापली शस्त्रे बाहेर काढल्याचे चित्रफितीत दिसते. अशा वेळी कोण मित्र आणि कोण शत्रू, हे ओळखणेच कठीण होते.

कोलोरॅडोतील अरवाडा येथे २१ जून २०२१ रोजी हीच भीती खरी ठरली. एका पोलिस अधिकाऱ्याला ठार करणाऱ्या बंदूकधाऱ्याला एका नागरिकाने आपल्या पिस्तुलाने टिपले. त्यानंतर हल्लेखोराची रायफल हातात घेतलेल्या त्या नागरिकालाच, तोच हल्लेखोर आहे असे समजून, पोलिसांनी गोळी घातली. त्यात त्याचा मृत्यू झाला. म्हणूनच धोका टळताच शस्त्र परत होल्स्टरमध्ये ठेवणे, हात रिकामे दिसतील असे ठेवणे आणि पोलिसांना आपली ओळख आधीच देणे, हे धडे नेमबाजीइतकेच मोलाचे मानले जातात. त्यांच्या जोडीला रक्तस्राव थांबविण्याचे प्रथमोपचारही शिकविले जातात.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकास जास्तीत जास्त दोन शस्त्रांची मर्यादा घातली, तसेच समारंभात हर्षभराने केलेला बेदरकार गोळीबारही दंडनीय ठरविला. साहजिकच आपल्याकडे सभा-उत्सवांच्या सुरक्षेची मुख्य जबाबदारी पोलिसांवर राहते. टेक्सासने ती काही अंशी नागरिकांच्या हाती सोपविली आहे. मात्र पिस्तूल दुकानात मिळते. गर्दीत ते केव्हा वापरू नये, याची जाण दीर्घ सरावानेच येते.