दफनाची घाई कशाला?

एखादी सून घरात जळून दगावली की ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असे सांगितले जाते आणि आपण दफनाच्या घाईला लागतो. पोस्टमार्टेम म्हणजे मय्यतीची विटंबना, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. पण त्यात डॉक्टर काय शोधतात?

जिवंत माणूस आगीत सापडला, तर श्वासाबरोबर काजळी श्वासनलिकेत उतरते आणि कार्बन मोनॉक्साइड रक्तात भिनतो. श्वासनलिका स्वच्छ, रक्तात हा वायू नाही आणि मानेच्या स्नायूंत रक्त साकळलेले, असे आढळले तर आधी गळा दाबला, मग जाळले, असा दाट संशय येतो.

लग्नाला ७ वर्षे होण्याआधी विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पोलिसांनी मृतदेह तपासणीस पाठवायचा असतो. माहेरचे नातेवाईकही तशी मागणी करू शकतात. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने पुढे कबरही उघडता येते. पण तोवर मातीने बरेच पुरावे गिळलेले असतात.

तपासणीनंतर टाके घालून मय्यत घरच्यांकडे देतात. कफन, नमाजे जनाजा, दफन, काहीच चुकत नाही. उशीर होतो तो थोडासा. आपल्या लेकीसाठी तेवढा आपण सोसू या.