आभासी बॅगेची मालकी कोणाची?

ट्रेडमार्कची नोंदणी वर्गवार होते. नाइस या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत: ३४ मालाचे, ११ सेवांचे. चामड्याची बॅग १८व्या वर्गात. पडद्यावरची, डाउनलोड करायची बॅग मात्र ९व्यात, सॉफ्टवेअरच्या शेजारी. म्हणजे खऱ्या बॅगेची नोंदणी आभासी बॅगेला आपोआप लागू होत नाही. मग जुनी नोंदणी कुचकामी? तसेही नाही. ‘मेटाबर्किन्स’ या नावाने केसाळ बर्किन बॅगांची चित्रे दाखवणारे १०० एनएफटी (ब्लॉकचेनवर नोंदलेली डिजिटल मालकी-चिन्हे) डिसेंबर २०२१मध्ये बाजारात आले. बर्किन बनवणाऱ्या एर्मेसने खटला भरला. ही कला आहे, तिला अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे (अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे) संरक्षण आहे, हा ते एनएफटी बनवणाऱ्या कलाकाराचा बचाव. मुद्दा वजनदार होता (चित्रकार वॉरहॉलने एका ब्रँडच्या सूपचे डबे रंगवलेच होते). पण इथे ब्रँडचे नावच मालाचे नाव झाले होते. न्यूयॉर्कमधल्या ज्युरीने फेब्रुवारी २०२३मध्ये बचाव फेटाळला आणि १,३३,००० डॉलर भरपाई ठरवली.

भारतात १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याचे कलम २९(४) नामांकित चिन्हाला वेगळ्या प्रकारच्या मालावरही संरक्षण देते. पण त्यासाठी चिन्हाची भारतातली ख्याती, आणि त्या वापराने तिचा गैरफायदा घेतला जातो किंवा चिन्हाला बाधा येते, हेही सिद्ध करावे लागते. छोट्या ब्रँडला ते जड जाते. त्याने ९व्या वर्गात वेगळा अर्ज केलेला बरा.